पाव किलोचा हिशेब



दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस आमच्या आष्टीच्या दुकानात एक ठरलेले काम चालते. वर्षभराच्या वह्या खाली उतरवायच्या, उधारीची खाती जुळवायची, येणे-देणे काढायचे आणि लक्ष्मीपूजनाला पूजलेल्या नव्या वहीत पाडव्याला बाकी पुढे ओढायची. खरेदी-विक्रीचा हिशेब आता संगणकावर असला, तरी उधारीची खतावणी आम्ही अजून हातानेच लिहितो. वडील म्हणत, उधारीचे पान स्वतःच्या हाताने लिहिले की समोरच्या माणसाची अडचण आपल्या लक्षात राहते. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीपर्यंत मात्र त्याचा अर्थ मला कळला नव्हता, हे आज या सदरातून मोकळेपणाने सांगावयाचे आहे.

आमच्याकडे वडिलांच्या काळापासून एक गृहस्थ कामाला आहेत. दुकान उघडणे, माल लावणे, गिऱ्हाइकाला तोलून देणे, गाडी आली की हमालांबरोबर पोती उतरवणे, हे सारे तेच पाहतात. घरातली मुले त्यांना काका म्हणतात. मीही तसेच म्हणतो. त्यांच्या पत्नी हंगामात कापूस वेचायला आणि संत्र्याच्या बागेत तोडणीला जातात. घरात वृद्ध आई, एक मुलगी आणि एक मुलगा. पाच माणसांच्या या घरात राबणारे दोन हात कधी रिकामे बसलेले मी पाहिले नाहीत. व्यसन नाही, खोट्याची सवय नाही. असे असूनही उधारीच्या वहीत काकांचे पान दरवर्षी भरलेले असे, आणि त्या भरलेल्या पानाचा मला मनातून राग येई.

राग येण्याचे कारण नोंदींत होते. गोडेतेल पाव किलो, साखर अर्धा किलो, तूरडाळ पाव किलो, चहापत्तीची लहान पुडी. दोन दिवसांनी पुन्हा तेच. महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्या आपल्यासारख्या घरांना ही रीत उधळी वाटते. पंधरा किलोचा डबा घेतला तर किलोमागे बारा-पंधरा रुपये सुटतात, हे दुकानात काम करणाऱ्या माणसाला कळू नये, याचे मला नवल वाटे. एकदा मी त्यांना बसवून काटकसरीचा उपदेशच केला. ते शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, डब्यानं स्वस्त पडते हे मले काय समजत नाही? मीच तं रोज गिऱ्हाइकाले तोलून देतो. पण डब्याचे पैसे एका दिवशी माह्या हाती कधी असतेत?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तरीही मी त्यावर विचार केला नाही. गिऱ्हाईक आले आणि विषय तेथेच राहिला.

त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी पाच हजारांची उचल मागितली. मुलगी बारावी झाली होती आणि वर्ध्याला परिचारिकेच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळत होता. पैसे ठरलेल्या तारखेच्या आत भरावयाचे होते. मी वही उघडली, मागची बाकी दाखवली आणि म्हणालो, "आधीचे फिटू द्या, मग पाहू." माझ्या समजुतीप्रमाणे तो व्यवहार होता. काकांनी पुन्हा विचारले नाही. तारीख निघून गेली. कार्तिकात ती मुलगी आईबरोबर कापूस वेचायला जाताना आमच्या दुकानावरून गेली, तेव्हा माझ्या पत्नीने मला विचारले, "ही इथे कशी? ही तर शिकायला जाणार होती ना?"

त्या रात्री आम्ही दोघे वही घेऊन बसलो. पत्नीने काकांचे पान आडवे न वाचता उभे वाचले; म्हणजे काय घेतले हे न पाहता केव्हा घेतले हे पाहिले. दिवाळीपासून माघ-फाल्गुनापर्यंत उधारीच्या नोंदी जवळजवळ नव्हत्या, उलट जमाच होती. चैत्रापासून उधारी सुरू होई, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पान पुरत नसे. ती म्हणाली, "यात उधळेपणा कुठे आहे? हे तर आपल्या तालुक्याचे पंचांग आहे."

खरोखर तसेच होते. आष्टी तालुका कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्यावर जगतो. सोयाबीन निघते, कापूस फुटतो, आंबिया बहाराची संत्री उतरतात, तेव्हा बाईमाणसाला रोज काम मिळते. वेचणीचे पैसे किलोवर असल्यामुळे चार पैसे जास्तही पडतात. मृगाचा बहार आटोपला की उन्हाळ्यात शेत रिकामे होते आणि घरात एकट्या दुकानाचा पगार उरतो. खर्च मात्र नेमका उलट्या चालीने येतो. जूनमध्ये छप्पर शाकारावे लागते, विदर्भातल्या शाळा महिन्याच्या अखेरीस उघडतात म्हणून वह्या-गणवेश लागतात, आणि पावसाबरोबर ताप-खोकला घरात शिरतो. बचत गटाच्या कर्जाचा हप्ता तर श्रावण असो की पौष, ठरल्या तारखेलाच द्यावा लागतो. घरात गॅसचे सिलिंडर आहे. पण ते भरून आणायला एकरकमी पैसे हवेत, म्हणून त्या महिन्यांत पुन्हा चूल पेटते. वर्षाचा जमाखर्च कदाचित कसाबसा जुळतही असेल. आषाढाचा जुळत नाही, आणि माणसाला आषाढही जगावा लागतो. म्हणून तेल पाव किलोने येते, आणि पाव किलोने आणणारा माणूस आपल्यापेक्षा जास्त भाव देतो. त्या जादा भावाचा लाभ कोणाच्या गल्ल्यात पडतो, हे दुकानदार वाचकांना मी वेगळे सांगावयास नको.

आपल्या घरांतून गरिबीविषयी एक चित्र ठरलेले असते. मंदिराबाहेर बसलेला अपंग, निराधार विधवा, अनाथ मूल. यांच्यासाठी आपले हात लगेच पुढे होतात, आणि ते योग्यच आहे. पण जो रोज सकाळी स्वच्छ सदरा घालून कामावर येतो, जो मागत नाही आणि ज्याला नियमित पगार आहे, तो आपल्याला गरीब वाटत नाही. शासनाच्या कागदावरही तो बहुधा गरीब ठरत नाही. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिना पाच किलो धान्य मिळते आणि १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. महाराष्ट्रात या यादीसाठी ग्रामीण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये ठरवली गेली. आता वही-पेन्सिल घ्या. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता. या दराने घरातल्या एकाच माणसाने १४२ दिवस काम केले, तरी उत्पन्न ४४,३०४ होते आणि मर्यादा ओलांडली जाते. चव्वेचाळीस हजारांना ३६५ ने भागले तर घराला दिवसाचे सुमारे १२० रुपये येतात. पाच माणसांत माणशी २४. या चोवीस रुपयांत तुमच्याच दुकानातले आजचे भाव लावून एका माणसाचे दोन वेळचे जेवण बसवून पाहा. तेल, डाळ, भाजी, सरपण धरा. औषध आणि कापड धरूच नका.

काकांचा पगार तेव्हा महिना आठ हजार होता, म्हणजे वर्षाचे ९६,०००. आम्ही दिलेला पगार त्यांना धान्याच्या यादीबाहेर काढण्याइतका मोठा होता आणि घर चालवण्याइतका मोठा नव्हता. हे वाक्य मी त्या रात्री कागदावर लिहिले, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. पुढे आणखी एक गोष्ट कळली. दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी शासनाने किमान वेतन ठरवले आहे, त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो आणि हे वेतन एका नोकराच्या दुकानालाही लागू आहे. ते दरपत्रक मी तोवर कधी नीट वाचलेच नव्हते. वाचले तेव्हा आमचा आकडा त्याच्या खाली निघाला. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणतः वीस माणसांच्या आस्थापनेपासून लागू होतो, कर्मचारी राज्य विमा योजना दहापासून. आमच्या दुकानात चार माणसे. म्हणजे म्हातारपण आणि आजारपण या दोन्हींसाठी काकांच्या पाठीशी आमच्या सद्बुद्धीशिवाय काहीच नव्हते, आणि ती सद्बुद्धी पाच हजारांवर अडली होती.

दिवसभर राबणाऱ्याचे पोट त्याच्या मजुरीत भरते की नाही, हा प्रश्न आपल्या वर्धा जिल्ह्याला नवा नाही. १९३५ साली महात्मा गांधी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. खादीचे काम तेव्हा देशभर वाढले होते. पण सूत कातणाऱ्या बायांना दिवसभराच्या श्रमाचे जे मिळे, त्यात त्यांचे स्वतःचेही पोट भरत नसे. वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबांनी यावर भाषण केले नाही. ते स्वतः तासन् तास कातत बसले आणि चालू दराने येणाऱ्या मजुरीत आपला आहार बसतो का, हे त्यांनी पाहिले. तो बसत नव्हता. गांधीजींनी अखिल भारत चरखा संघापुढे विषय ठेवला आणि आठ तासांच्या कामाला आठ आणे हे ध्येय सांगितले. कार्यकर्त्यांची भीती स्वाभाविक होती: मजुरी वाढली तर खादी महागेल, महागली तर खपणार नाही, मग कातणाऱ्यांचे आहे तेही काम जाईल. आजही पगारवाढीचा विषय निघाला की आपण दुकानदार हेच म्हणतो. ध्येयातले आठ आणे लगेच देता आले नाहीत. पण निर्वाहापुरती मजुरी हे तत्त्व संघाने त्याच वर्षी मान्य केले आणि खादीच्या किमती त्याप्रमाणे वाढू दिल्या. कातणारीच्या भुकेमुळे स्वस्त झालेले कापड ही खरी स्वस्ताई नव्हे, असा त्या निर्णयाचा अर्थ आहे.

दुसरे उदाहरण सेवाग्रामचे. तेथील कस्तुरबा रुग्णालयाने ऐंशीच्या दशकात आसपासच्या गावांसाठी आरोग्यविम्याची एक योजना चालवली. वर्गणी रोखीने न घेता सुगीनंतर ज्वारीच्या रूपाने घेतली जाई, आणि त्या बदल्यात वर्षभर उपचारात सवलत मिळे. गावकऱ्याच्या घरी ज्वारी केव्हा येते हे पाहून ज्याने वर्गणीचा दिवस ठरवला, त्याने त्या घराला खऱ्या अर्थाने समजून घेतले असे मी म्हणेन. आपण व्यापारी तर शेतकऱ्याची उधारी पिढ्यान् पिढ्या सुगीवर वसूल करीत आलो. मालाच्या बाबतीत हे ज्ञान आपल्यापाशी आहे. माणसाच्या बाबतीत आपण ते वापरत नाही, एवढेच.

आपल्या धर्मात याविषयी स्पष्ट मार्गदर्शन आहे. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत आपण पाठ केलेले असतात. बंध, वध आणि छेद यांचा आपल्या जीवनाशी संबंध नाही, असे समजून आपण निश्चिंत होतो. उरलेले दोन आहेत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध: आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवावर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकणे, आणि त्याचे अन्नपाणी रोखणे. हे बैलापुरते आणि घोड्यापुरते सांगितले आहे अशी समजूत करून घेतली की मन मोकळे राहते. पण सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत दुकानात उभा असलेला माणूसही आपल्यावर अवलंबून आहे. त्याचा पगार दहा तारखेपर्यंत लांबला, तर पहिली ते दहावी या दिवसांत त्याच्या चुलीवर काय असते, हा प्रश्न अन्नपाननिरोधाच्या कक्षेत येत नाही काय? दिगंबर असो की श्वेतांबर, दोन्ही परंपरांच्या श्रावकांसाठी हे अतिचार सांगितले आहेत. त्यातून आपल्यापैकी कोणाची सुटका नाही.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान यांचे माहात्म्य आपण जाणतो. पण कामाचा पूर्ण आणि वेळेवर दिलेला मोबदला हे दान नव्हे. ते देणे आहे. देणे थकवून केलेल्या दानाची पावती सुंदर छापली जाते, पण खतावणीत ती रक्कम दुसऱ्याच्याच नावावर असते. पर्युषणात आम्ही त्या वर्षी अकरा हजार रुपये बोली लावून घेतले होते. त्याच वर्षी पाच हजारांची उचल नाकारली होती. दोन्ही नोंदी माझ्याच हाताच्या आहेत.

नंतर आम्ही काय केले, ते उपदेश म्हणून नव्हे, तर एखाद्याला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. चारही माणसांचे पगार किमान वेतनाच्या पत्रकाशी जुळवले आणि पहिल्या तारखेला देण्याचे ठरवले. चिरंजीवांचा याला विरोध होता. बाजारात कोणी देत नाही, आपणच का, असे त्याचे म्हणणे. नफा कमी झाला, हे खरे आहे. दोन वर्षे दुकानाच्या वरच्या मजल्याचे काम आम्हाला थांबवावे लागले. जूनच्या पहिल्या आठवड्यात मागणाऱ्याला एका पगाराइतकी उचल बिनव्याजी मिळते आणि ती कार्तिक ते पौष या तीन महिन्यांत वळती होते. आजवर एकही उचल बुडाली नाही; कारण वसुली त्यांच्या सुगीत ठेवली आहे. तेल, डाळ, साखर त्यांना डब्याच्या आणि पोत्याच्या भावाने मिळते, मग ते पाव किलो घेवोत की पाच किलो. या सवलतीची किंमत दुकानाला महिन्याला काही शेकड्यांत पडते. माझ्या पत्नीने आणखी एक नियम घातला: कोणाच्याही घरच्या वस्तू घेण्यावर, मुलीच्या नव्या कपड्यावर किंवा हातातल्या मोबाइलवर दुकानात टीका होणार नाही. आपण चैन करताना कोणाची परवानगी घेत नाही.

काकांच्या मुलीचे ते वर्ष परत आले नाही. पुढच्या वर्षी मी होऊन विचारले, तेव्हा तिचे लग्न ठरत होते. आज ती आर्वीला सासरी आहे आणि एका कापडदुकानात काम करते. दिवाळीला माहेरी आली की आमच्याकडे फराळाला येते, माझ्या पाया पडते. तिने किंवा काकांनी एका शब्दानेही मला दोष दिलेला नाही. धाकटा मुलगा यंदा दहावीत आहे. त्याच्या नावाने आम्ही टपाल खात्यात एक खाते उघडले आहे; त्यात भरलेली रक्कम उपकार म्हणून लिहिलेली नाही. आमच्या वहीत ती मागील वर्षांच्या वेतनातील येणे म्हणून काकांच्या नावे जमा आहे, आणि ती फिटायला अजून तीन वर्षे लागतील.

वाचक बंधु-भगिनींनो, पाडव्याच्या आधी वह्या खाली उतरतीलच. त्यांतले एक पान बाजूला काढा: आपल्या दुकानातल्या, गोदामातल्या किंवा घरी धुणे-भांडी करणाऱ्या एका माणसाचे. उधारीचा आकडा क्षणभर झाकून ठेवा आणि फक्त तारखा वाचा. कोणत्या महिन्यात तेल पाव किलोवर येते ते दिसेल. ते दिसल्यावर काय करावयाचे, हे हिशेबात मुरलेल्या आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको.

जय जिनेंद्र.